कुंडीतील झाडांची पाने पिवळी का पडतात : निदानाची क्रमवार पद्धत

पान पिवळे पडले की पहिला हात खताच्या डब्याकडे जातो आणि कुंडीतील झाडांचे बरेचसे नुकसान याच घाईत होते. पिवळ्या पानावरून मातीत काय कमी आहे हे थेट कळत नाही. त्या पानापर्यंत काय पोचले नाही, एवढेच कळते. मातीत लोह भरपूर असूनही सामू (पीएच, म्हणजे मातीची आम्लता-विम्लता दाखवणारा आकडा) चढलेला असेल तर झाडाला ते घेता येत नाही. नत्र (नायट्रोजन) पुरेसे असूनही मुळे कुजलेली असतील तर ते वर चढत नाही. पालाश (पोटॅशिअम) गरजेपेक्षा जास्त दिला तर मॅग्नेशिअमची वाट अडते. म्हणून तपासणी एका क्रमाने करावी : आधी पाणी आणि मुळे, नंतर कीड आणि रोग, त्यानंतर पिवळेपणाची जागा आणि नक्षी, मग सामू आणि क्षार, आणि खताचा विचार सर्वांत शेवटी. पुढील विवेचनात उदाहरणे मुख्यतः टोमॅटो, मिरची आणि लिंबू यांची घेतली आहेत; पण हीच रीत कुंडीत वाढणाऱ्या जवळजवळ कोणत्याही पानदार झाडाला लागू पडते.

पान पाहण्याची रीत

निरीक्षण दिवसाच्या नैसर्गिक उजेडात करावे. जांभळट प्रकाश देणाऱ्या दिव्यांखाली हिरवा आणि पिवळा यांतला फरक डोळ्यांना कळत नाही आणि छायाचित्रातही चुकीचा उतरतो. एक पान खुडून पांढऱ्या कागदावर ठेवावे, शेजारी त्याच झाडाचे एक निरोगी पान ठेवावे आणि दोन्हींचे तारखेसह छायाचित्र काढावे. दहा दिवसांनी झाड सुधारते आहे की बिघडते आहे हे आठवणीवरून ठरवता येत नाही. छायाचित्रावरून ठरवता येते.

पान पाहताना चार गोष्टी टिपून ठेवाव्यात. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर आहे की शेंड्याजवळच्या नव्या पानांवर? संपूर्ण पान सारखे फिके झाले आहे की शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला आहे? बदल दोन दिवसांत झाला की दोन आठवड्यांत हळूहळू? आणि तो एकाच झाडावर आहे की एकाच मिश्रणात लावलेल्या सगळ्या कुंड्यांत? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बरेच काम हलके करते. सगळ्या कुंड्यांत एकच लक्षण दिसत असेल तर दोष पाण्यात, मिश्रणात किंवा खतात असण्याची शक्यता जास्त असते. दहांपैकी एकाच कुंडीत दिसत असेल तर त्या कुंडीची मुळे किंवा कीड पाहावी.

एवढे लक्षात ठेवावे की टोमॅटोची तळातली दोनचार पाने सावलीत येऊन पिवळी होणे हा वाढीचा भाग आहे. तेवढ्यावरून उपचार सुरू करू नयेत.

आधी पाणी आणि मुळे

कुंडीतल्या पिवळेपणाचे सर्वांत सामान्य कारण अतिपाणी हे असते, आणि ते ओळखणे अवघड जाते, कारण त्याची लक्षणे नत्राच्या कमतरतेसारखीच दिसतात : खालची पाने फिकी, वाढ मंद, झाड मरगळलेले. फरक मातीत असतो. बोट सुमारे 5 सेंटिमीटर खोल खुपसावे. वरचा थर सुकलेला आणि आतली माती चिकट व गार लागत असेल, आणि कुंडी उचलल्यावर नेहमीपेक्षा जड वाटत असेल, तर पाणी थांबवून वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती ओलसर पण मोकळी होईपर्यंत, वाट पाहावी. माती ओली असूनही झाड दुपारी कोमेजत असेल तर मुळे काम करीत नाहीत असे समजावे. अशा वेळी आणखी पाणी देणे म्हणजे उरलेली मुळे गमावणे होय.

खात्री करायची असेल तर माती थोडी वाळल्यावर कुंडी आडवी करून मातीचा गोळा हळुवारपणे बाहेर काढावा. निरोगी मुळे पांढरी किंवा दुधाळ रंगाची आणि ताणल्यास ताठ राहणारी असतात, आणि त्यांना ओल्या मातीचा वास येतो. कुजलेले मूळ तपकिरी असते. ते चिमटीत धरून ओढल्यास बाहेरची साल मोज्यासारखी निसटून हातात येते आणि मागे नुसता बारीक धागा उरतो. असे मूळ पाहिल्यानंतर कोणत्याही खताचा विचार करण्याचे कारण उरत नाही. कुजका भाग स्वच्छ कात्रीने कापावा, निचऱ्याच्या ताज्या मिश्रणात झाड पुन्हा लावावे, पालेही थोडे छाटावे, आणि नवी पालवी दिसेपर्यंत खत देऊ नये. याउलट पांढऱ्या मुळांचे जाळे कुंडीच्या भिंतीला चिकटून गोल गोल फिरलेले दिसले, तर झाडाला कुंडी अपुरी पडते आहे. तेथे पाणीही टिकत नाही आणि अन्नही.

येथे एका रूढ समजुतीचा उल्लेख करणे भाग आहे. कुंडीच्या तळाशी खडीचा थर दिल्याने निचरा सुधारतो असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात बारीक मातीतले पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही, ते खडीच्या वरच साचून राहते आणि ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. निचरा हवा असेल तर पर्लाइट (खनिजाचे हलके पांढरे दाणे), भाताचे तूस किंवा जाडी वाळू संपूर्ण मिश्रणात कालवावी, तळाची छिद्रे मोकळी ठेवावीत आणि ताटलीत उतरलेले पाणी अर्ध्या तासात ओतून टाकावे.

कीड आणि रोग वेगळे काढणे

पान उलटून दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाने मागची बाजू पाहावी. अन्नद्रव्याची कमतरता पानाच्या दोन्ही अर्ध्या भागांवर साधारण सारखी उमटते. कीड आणि रोग ठिपक्यांनी, एका बाजूने, वेडेवाकडे पसरतात. लाल कोळी लागला की पानावर सुईच्या टोकाएवढे असंख्य फिके ठिपके येतात आणि लांबून पाहिल्यास पान धुरकट पिवळे दिसते. अशी फांदी पांढऱ्या कागदावर झटकावी. पडलेले कण चालू लागले तर निदान तिथेच संपले. मावा आणि पांढरी माशी असेल तर खालच्या पानांवर चिकट गोड थर आणि त्यावर काळी बुरशी दिसते.

मिरचीच्या बाबतीत विशेष सावध राहावे. पाने वाकडी झाली की कॅल्शिअम किंवा बोरॉन कमी आहे असा अंदाज बांधला जातो, पण कारण बहुधा किडीचे असते. कडा वर वळून पानाची वाटी झाली असेल तर फुलकिडे शोधावेत. कडा खाली वळून पान उलट्या होडीसारखे, अरुंद आणि जाडसर झाले असेल तर पिवळा कोळी असतो, आणि तो इतका सूक्ष्म असतो की नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. पाने आखडून, आकसून, वर पिवळी-हिरवी नक्षी उमटली असेल तर विषाणूचा संशय घ्यावा. अशा झाडाला कोणतेही खत उपयोगी पडत नाही, ते वेगळे काढणेच योग्य. टोमॅटोच्या खालच्या पानांवर तपकिरी डाग पडून त्यांत एकात एक वर्तुळे दिसत असतील तर तो करपा आहे.

जुनी पाने की नवी पाने : निदानाचा कणा

वरील दोन्ही शक्यता बाद झाल्यावरच अन्नद्रव्यांकडे वळावे. झाडाच्या पोषणाला आवश्यक मानलेल्या 17 मूलद्रव्यांपैकी काही झाडाच्या आत सहज फिरतात, काही एकदा पानात बसली की तिथून हलत नाहीत. नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश आणि मॅग्नेशिअम फिरणारी आहेत. त्यांचा तुटवडा पडला की झाड जुन्या पानांतला साठा काढून शेंड्याला पुरवते, म्हणून लक्षणे खालून वर चढतात. कॅल्शिअम, बोरॉन, लोह, मँगनीज, जस्त आणि तांबे फारसे हलत नाहीत. त्यांचा पुरवठा तुटला की नवे पान उपाशीच जन्माला येते आणि लक्षण शेंड्यावर दिसते. गंधक या दोहोंच्या मध्ये असले तरी त्याची कमतरता बहुधा वरच्या पानांवर उमटते. हा एक भेद नीट पाहिला तर निम्म्या शक्यता तिथेच गळतात.

खालची पाने शिरांसकट सारखी फिकी हिरवी, पुढे पिवळी होऊन गळत असतील आणि संपूर्ण झाड निस्तेज असेल तर नत्र कमी आहे. कुंडीत हे होण्याचे एक कारण हमखास विसरले जाते : अर्धवट कुजलेला पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा मिश्रणात घातला असेल तर तो कुजवणारे जिवाणू मातीतले नत्र स्वतःसाठी वापरतात आणि झाड उपाशी राहते. अशा कुंडीत सेंद्रिय पदार्थ आणखी घातल्यास स्थिती बिघडते; तेथे थोडे विद्राव्य नत्र द्यावे लागते.

खालच्या पानांच्या शिरा हिरव्या आणि त्यांमधली जागा पिवळी असेल, कडेकडून पिवळेपणा आत सरकत असेल आणि देठाजवळ हिरवा पाचरीसारखा भाग उरत असेल, तर ती मॅग्नेशिअमची कमतरता होय. फळे धरलेल्या टोमॅटोत ती मधल्या आणि खालच्या पानांवर दिसते. लिंबात देठाकडे उलट्या व्ही अक्षराच्या आकाराची हिरवी खूण उरते. अनेकदा यामागे पालाशयुक्त खताचा किंवा राखेचा अतिरेक असतो. राख पालाश तर वाढवतेच, शिवाय सामूही चढवते.

पानाची कडा आधी पिवळी, मग तपकिरी होऊन करपल्यासारखी दिसत असेल आणि मधला भाग हिरवाच असेल, तर पालाश कमी असू शकतो. मात्र कोरडेपणा आणि क्षार साचणे यांनीही हुबेहूब अशीच कडा करपते. म्हणून पालाशचे निदान ईसी (पाण्याची विद्युतवाहकता, जिच्यावरून विरघळलेले क्षार कळतात) मोजल्याशिवाय करू नये. स्फुरदाची कमतरता पिवळेपणाने क्वचितच दिसते. झाड खुजे, पाने गर्द हिरवी आणि खालून जांभळट झालेली असतात. थंडीत मुळांना स्फुरद घेता येत नसल्याने कोवळी टोमॅटोची रोपे अशी जांभळी पडतात आणि ऊब आल्यावर आपोआप सुधारतात. काही वाणांचा देठ मुळातच जांभळा असतो, हेही पडताळून पाहावे.

आता शेंड्याकडे. सर्वांत कोवळी पाने पिवळी किंवा जवळजवळ पांढरी आणि त्यांवर शिरांचे बारीक हिरवे जाळे रेखीव उठून दिसत असेल, तर ती लोहाची कमतरता आहे. मँगनीजच्या कमतरतेत नक्षी तीच असते, पण रेखीवपणा नसतो : शिरेच्या दोन्ही बाजूंना हिरवा पट्टा राहतो आणि मधल्या पिवळ्या भागात पुढे बारीक तपकिरी ठिपके येतात. जस्ताच्या कमतरतेत रंगापेक्षा आकार आधी बोलतो : पाने लहान व अरुंद, दोन पेरांमधले अंतर कमी, शेंड्याला पानांचा झुबका. लिंबू हे तिन्ही तुटवडे एकाच वेळी दाखवू शकते, आणि त्यामागचे मूळ कारण बहुधा एकच असते, चढलेला सामू. कोवळी पाने शिरांसकट एकसारखी फिकी असतील तर गंधकाचा विचार करावा. शेंडा काळा पडून मरत असेल, देठ ठिसूळ होऊन तडकत असतील तर बोरॉनचा.

कॅल्शिअमचे प्रकरण वेगळे आहे. टोमॅटोच्या फळाचा फुलाकडचा भाग काळा, कातड्यासारखा आणि आत दबलेला होतो, तेव्हा फळात कॅल्शिअम कमी पडलेले असते; मातीत ते बहुधा पुरेसे असते. कॅल्शिअम पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहते आणि पाण्याचा बराचसा ओघ पानांकडे जातो, म्हणून पाणी एक दिवस भरपूर आणि दोन दिवस कोरडे असे झाले की पहिली झळ फळाला बसते. पाणी नियमित करणे, वर आच्छादन घालणे आणि अमोनियाच्या रूपातील नत्र कमी करणे हा खरा उपाय आहे. पानांवर फवारलेले कॅल्शिअम फळापर्यंत पोचत नाही. अंड्याची कवचे आम्ल नसलेल्या मातीत फार सावकाश विरघळतात, त्यामुळे या हंगामातल्या फळाला त्यांचा उपयोग नाही. एप्सम सॉल्ट (मॅग्नेशिअम सल्फेट) तर येथे उलटे काम करते, कारण मॅग्नेशिअम आणि कॅल्शिअम यांच्यात मुळांपाशी स्पर्धा असते.

सामू आणि ईसी कसे मोजावेत

बहुतेक भाज्या आणि फुलझाडांना मातीच्या मिश्रणात 6.0 ते 6.8 सामू मानवतो, तर कोकोपीटसारख्या माध्यमात 5.5 ते 6.5. सामू 7 च्या पुढे गेला की लोह, मँगनीज आणि जस्त मातीत असूनही विरघळत नाहीत. मातीत खुपसायच्या दोन काट्यांच्या स्वस्त मीटरवर विश्वास ठेवू नये. पेनासारखा डिजिटल मीटर घ्यावा आणि तो 4.0 व 7.0 च्या प्रमाणित द्रावणांत नियमित तपासून घ्यावा.

मोजण्याची सोपी पद्धत अशी. कुंडीला नेहमीप्रमाणे पाणी देऊन सुमारे एक तास थांबावे. ताटली रिकामी करून पुसून पुन्हा खाली ठेवावी. मग वरून डिस्टिल्ड पाणी हळूहळू ओतावे आणि तळातून 50 ते 100 मिलिलिटर पाणी उतरले की थांबावे. या उतरलेल्या पाण्याचा सामू आणि ईसी मोजावा, आणि शेजारी रोज वापरत असलेल्या पाण्याचेही आकडे लिहावेत. कोवळ्या रोपांना ईसी सेंटिमीटरला 1 मिलिसिमेन्सच्या आसपास पुरते. फळे धरलेल्या टोमॅटोला सेंटिमीटरला 2 ते 3.5 मिलिसिमेन्स चालते. आकडा सतत त्याच्या वर राहत असेल तर क्षार साचत आहेत; ईसी साध्या पाण्याएवढीच असेल तर कुंडीत खाद्यच उरलेले नाही. टीडीएस मीटरचा (विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या मीटरचा) पीपीएम, म्हणजे दशलक्षात किती भाग हा आकडा मात्र जपून वापरावा, कारण काही मीटर ईसीला 500 ने गुणतात, काही 700 ने, आणि एकाच पाण्याचे दोन वेगळे आकडे मिळतात.

बोअरचे किंवा जड पाणी रोज दिल्याने त्यातले बायकार्बोनेट सामू हळूहळू चढवत राहते. अशा वेळी पावसाचे किंवा आरओचे पाणी मिसळणे सर्वांत सुरक्षित. ते शक्य नसेल तर बादलीत सायट्रिक आम्ल चिमटीचिमटीने घालून, ढवळून, दर वेळी मोजत पाण्याचा सामू 6 ते 6.5 पर्यंत उतरवावा आणि लागलेले प्रमाण लिहून ठेवावे. मिश्रणात मिसळलेले गंधक सामू उतरवते, पण ते काम जिवाणू करतात, म्हणून त्याला आठवडे लागतात.

खत जास्त झाले असेल तर

पानांची टोके करपलेली, पाने अनैसर्गिक गर्द हिरवी आणि नखासारखी खाली वाकलेली, मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरी खपली : ही अतिखताची लक्षणे आहेत. साधे पाणी कुंडीच्या घनफळाच्या दोन ते तीन पट, थांबत थांबत, तळातून वाहू द्यावे आणि उतरणाऱ्या पाण्याची ईसी मूळ पाण्याच्या जवळ येईपर्यंत धुवावे. निचरा वाईट असेल तर आधी तो सुधारावा. नाहीतर धुण्यानेच मुळे कुजतील. धुतलेल्या कुंडीला पुढचे खत अर्ध्या मात्रेने द्यावे. कोकोपीट नवे असेल तर ते लागवडीआधीच धुवावे, कारण त्यात सोडिअम आणि पालाश जास्त असू शकतात आणि ते कॅल्शिअम धरून ठेवते. धुतल्यावर कॅल्शिअम नायट्रेटच्या पातळ द्रावणात भिजवून पुन्हा धुतल्यास पुढचा त्रास टळतो.

उपचार, मात्रा आणि वाट पाहणे

एका वेळी एकच बदल करावा. नत्रासाठी 19:19:19 हे (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेले) विद्राव्य खत लिटरला 1 ते 2 ग्रॅम या प्रमाणात, ओलसर मातीत आळवणी करून द्यावे. मॅग्नेशिअमसाठी मॅग्नेशिअम सल्फेट लिटरला 5 ग्रॅम घेऊन फवारावे आणि पालाश काही काळ आवरावा. लोहासाठी चिलेटेड लोह (विरघळलेले ठेवणाऱ्या रसायनाशी बांधलेले लोह) वापरावे, पण कोणते हे सामूवर ठरते : ईडीटीए प्रकारचे सामू 6.5 च्या पुढे टिकत नाही, डीटीपीए सुमारे 7.5 पर्यंत टिकते आणि त्याहून चढलेल्या मातीत ईडीडीएचए प्रकारचेच लागते. फवारणीला ईडीटीए लिटरला 0.5 ते 1 ग्रॅम पुरते. बोरॉनची मात्रा कमी-जास्त होण्याला फारसा वाव नसतो, म्हणून ते अंदाजाने कधीही देऊ नये. सगळ्या फवारण्या सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर कराव्यात आणि आधी दोनचार पानांवर करून एक दिवस पाहावे.

करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. करपलेली जुनी पाने तशीच राहतील. उपचार लागू पडला की नाही हे त्यानंतर उमललेल्या पानांवरून ठरवावे, आणि त्यासाठी एक ते दोन आठवडे द्यावेत. उपचाराच्या दिवशी शेंड्याखालच्या पहिल्या पूर्ण पानाच्या देठाला दोरा बांधला तर त्याच्या वरचे सारे नवे हे निश्चित कळते.

लोह, मँगनीज आणि जस्त यांपैकी नेमके कोणते कमी आहे हे नक्षीवरून ठरत नसेल तर झाडालाच विचारता येते. तीन छोट्या वाट्यांत लोहाचे चिलेट लिटरला 1 ग्रॅम, मँगनीज सल्फेट लिटरला 2 ग्रॅम आणि झिंक सल्फेट लिटरला 2 ग्रॅम या हिशोबाने द्रावणे करावीत आणि प्रत्येकात द्रव साबणाचा एक थेंब टाकावा. सारख्या पिवळ्या पडलेल्या तीन फांद्या निवडून एकेकीची पाने एकेका द्रावणाने मऊ कुंचल्याने दोन्ही बाजूंनी ओली करावीत, वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधावेत आणि चौथी फांदी तुलनेसाठी तशीच ठेवावी. आठ-दहा दिवसांत ज्या फांदीची पाने हिरवी होऊ लागतील ते अन्नद्रव्य संपूर्ण झाडाला द्यावे. एकही फांदी सुधारली नाही तर पुन्हा मुळांपासून तपासणी सुरू करावी.